मेंढवाड्यावरचं मोठं वर्तुळ

१

मंगळवारी सकाळी प्रिंटरमधून आमच्या खोऱ्याचं चित्र बाहेर आलं आणि त्यात जोल्दोश गाव नव्हतं.

म्हणजे नाव होतं. नावाखाली जिथे वर्तुळ असायला हवं, तिथे कागद होता. चांगला पांढरा कागद होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण चित्राचा नियम साधा होता. ज्या गावात इंटरनेटचा वापर जास्त, त्याचं वर्तुळ मोठं. जोल्दोशचा वापर शून्य होता, आणि शून्याचं वर्तुळ अजून कुणाला काढता आलेलं नाही.

उलट आरजाकचं वर्तुळ खोऱ्यात सगळ्यांत मोठं होतं, तालुक्याच्या गावापेक्षाही. आरजाक हा नदीपलीकडचा मेंढवाडा. तिथे एक कळप, एक कुत्रा आणि ओर्मोन-आके राहतात (आके म्हणजे आमच्याकडे वडीलधारा माणूस, बाई असली तर एजे). चित्र खरं मानायचं, तर आमच्या मेंढ्या दिवसभर सिनेमे बघत होत्या.

"मला आधीच संशय होता," मी म्हणालो. "चरताना मान वर करत नाहीत."

कुणी हसलं नाही. कारण राजधानीहून आलेले रुस्लान मारातोविच चित्रापुढे उभे होते आणि मान डोलावत होते. आमची संस्था म्हणजे खोऱ्यातल्या गावांनी मिळून चालवलेलं इंटरनेट: डोंगरावर थोडे टॉवर, टॉवरवर रेडिओ, आणि टॉवरवर चढायला मी, कुबात. यंदा एका गावापर्यंत जमिनीखालून पक्की केबल टाकण्यापुरता निधी मिळाला होता, आणि ती कुठल्या गावाला न्यायची हे रुस्लान मारातोविच ठरवणार होते. चित्र त्यासाठीच काढलं होतं.

"चित्र खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "वापर जिथे, केबल तिथे. आरजाक."

"तिथे मेंढ्या आहेत," मी आठवण करून दिली.

"असतील. मी कुणाची जात विचारत नाही, आकडा विचारतो. आणि जोल्दोशला काही चालतच नसेल, तर तिथला रेडिओ उतरवून आणा. दुसरीकडे लागेल. उद्या दुपारी बैठक, सगळे गावप्रमुख येतील, सही करू."

तेवढ्यात फोन वाजला. तो जाझगुलनं घेतला. रेडिओंची सगळी मांडणी तीच कॉम्प्युटरवर बसून करते. तिनं ऐकलं, "हो एजे" म्हणाली आणि फोन ठेवला.

"पलीकडचं आहे," तिनं मला सांगितलं आणि हनुवटी वर केली. "तोक्तोबूबू-एजे येतायत. रागात आहेत."

शेगडीजवळ बसलेल्या तिच्या सासऱ्यांनी कोळशाचा एक तुकडा आत टाकला. आमचे ड्रायव्हर, पहारेकरी आणि शेगडीवाले हे तिघंही तेच, जोल्दोश-आके. गावाचं आणि त्यांचं नाव एक असलं तरी नातं काही नाही. सोबती अशा अर्थाचं ते नाव आमच्याकडे गावांना ठेवतात, माणसांना ठेवतात, एकदा मी एका ट्रॅक्टरलाही ठेवलेलं पाहिलंय.

तोक्तोबूबू-एजे आल्या त्या दार न ढकलता, दारासकट आल्यासारख्या. जोल्दोश गावचं आरोग्यकेंद्र म्हणजे त्या एकट्या. हातात सायीचा डबा होता, पण तो देण्यासाठी आणलाय की मारण्यासाठी, हे चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"माझ्या गावाला काही चालत नाही, असं कोण म्हणतं?"

सगळ्यांनी चित्राकडे बोट केलं.

"गावात तीन म्हाताऱ्यांची काळजं नाजूक आहेत," त्या म्हणाल्या. "घाट बंद झाला की डॉक्टर येत नाही. मी हृदयाचा आलेख काढते, इंटरनेटवरून पाठवते, तो फोनवर सांगतो काय द्यायचं ते. तेही धड नाही. वारा सुटला की अर्धाच आलेख पोचतो. अर्धा बघून डॉक्टर विचारतो, 'एजे, हा माणूस आहे की गेला?' म्हणून मी केबल मागतेय. आणि तुम्ही आहे तो रेडिओही नेणार?"

"आकडा शून्य आहे," रुस्लान मारातोविच म्हणाले. तसे ते वाईट गृहस्थ नाहीत.

"मग मी आलेख काय कबुतराच्या पायाला बांधते?"

"प्रत्येक गाव येऊन सांगतं, आमचा वापर फार. म्हणूनच तर चित्र काढलं."

तोक्तोबूबू-एजे चित्र काढणाऱ्या बाईंकडे वळल्या. "हे तुम्ही काढलंत?"

"मीच," सेयिलकान-एजे म्हणाल्या. त्या चष्मा पुसत होत्या. "आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही. माझ्या चित्रातून कुणीतरी एक अख्खं गाव चोरलंय."

२

सेयिलकान-एजेंनी नोकरीची सगळी वर्षं नद्या मोजण्यात घालवली होती. कुठल्या पुलाखालून किती पाणी गेलं, याची चित्रं काढायची. निवृत्त झाल्यावर आम्ही त्यांना इंटरनेटची चित्रं काढायला बोलावलं. त्यांना फारसा फरक जाणवला नाही. "दोन्ही वरून खाली येतात," त्या म्हणाल्या होत्या, "आणि दोन्ही वाटेत कुणीतरी वळवतं."

"कुणाचा संशय येतो?" गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं. आम्ही मेंढवाड्याकडे निघालो होतो. गाडी मी चालवत होतो, कारण जोल्दोश-आके शेगडी सोडून उठायला तयार नव्हते.

"ओर्मोन-आकेंचा," मी म्हणालो. "गावात बोलतात की त्यांनी गोठ्यात नाणी काढायची यंत्रं लावलीत. कॉम्प्युटरवरची नाणी. दिवसरात्र घूंऽऽ करतात. मोठं वर्तुळ त्याचंच."

"त्यांना कॉम्प्युटर येतो?"

"कॅल्क्युलेटर उलटा धरतात. पण हे ढोंगही असू शकतं."

ओर्मोन-आकेंनी आमचं स्वागत चांगलं केलं. म्हणजे कुत्रा बांधला. दूध घातलेला चहा दिला, पुढ्यात कुरुतच्या खारट गोळ्या ठेवल्या आणि सेयिलकान-एजेंना सगळ्यांत जाड गादीवर बसवलं. पण नजर सारखी अंगणापलीकडच्या खोलीकडे जात होती. दाराला नवं कुलूप होतं. आतून आवाज येत होता.

घूंऽऽ.

"आत काय आहे?" एजेंनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही फार मोठ्यानं वाजतंय."

"जुनं घर आहे, एजे. वारा घुसतो."

"बाहेर वारा नाही."

"म्हणूनच. सगळा आत गेलाय."

मी कुरुत चघळत ऐकत होतो. माणूस खोटं बोलत असला, तरी इतकं सुंदर बोलत होता की अडवावंसं वाटेना. पण एजे उठल्या, अंगण ओलांडून कुलपापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. ओर्मोन-आकेंचा चेहरा पडला.

"उघडतो," ते म्हणाले. "पण शपथ घ्या. खोऱ्यात कुणाला कळता कामा नये. माझ्या भावाला तर मुळीच नको."

दार उघडलं. लाल उजेडाचा झोत अंगावर आला आणि आत शेकडो डोळे आमच्याकडे वळले.

३

टर्की होत्या.

घूं आवाज अंडी उबवायच्या यंत्राचा होता. लाल दिव्याखाली पिल्लं आणि मोठ्या टर्की दाटीवाटीनं उभ्या होत्या आणि आमच्याकडे तक्रार घेऊन आल्यासारख्या बघत होत्या.

"सात पिढ्या मेंढ्या," ओर्मोन-आके खालच्या आवाजात म्हणाले. "आजोबांच्या मेंढ्या बघायला लांबलांबून लोक यायचे. आणि मी? कोंबड्यांचा मोठा भाऊ पाळतो. पण एजे, फार प्रेमळ असतात हो."

"इंटरनेट वापरता?"

"त्यांच्या आजारांचे व्हिडिओ बघतो. रविवारी." मग त्यांना एकदम जोर चढला. "माझ्यावर कसला संशय घेता? तो राजधानीचा माणूस बघा. हमरस्ता माझ्या दारावरून जातो. जोल्दोशला केबल न्यायची तर डोंगर खणा, माझ्याकडे आणायची तर रस्त्याकडेनं सरळ ओढा. त्याचा त्रास वाचतो की नाही?"

 परत कचेरीत येऊन एजेंनी कागदाची लांब गुंडाळी काढली, टेबलांना टेबलं जोडायला लावली आणि नवं चित्र काढलं. डावीकडून उजवीकडे महिने. प्रत्येक गावाचा एक रंग, आणि रंगांचे थर एकावर एक रचलेले, नदीकाठच्या मातीत दिसतात तसे. जितका वापर, तितका थर जाड.

"बघ," त्या म्हणाल्या. "जोल्दोश निळं."

निळा थर गेल्या शरदापर्यंत छान वाहत होता. मग एका जागी कात्रीनं कापल्यासारखा संपला.

"आणि आरजाक हिरवं."

हिरवा थर दोऱ्यासारखा होता. निळा जिथे कापला गेला, तिथेच तो एकदम रुंद झाला. निळ्याइतकाच.

"आता सगळ्यांत वरची कड बघ. खोऱ्याचा एकूण वापर. तिथे काही झालं?"

कड सरळ होती. काहीच झालं नव्हतं.

"ओर्मोननं खरंच काही यंत्रं लावली असती, तर एकूण वापर वाढला असता. कुणी गावाची तार तोडली असती, तर घटला असता. वाढलाही नाही, घटलाही नाही. जितकं वाहत होतं तितकंच वाहतंय, कुबात. फक्त पाटावरची पाटी बदललीय."

मग त्यांनी आरजाकचा एक दिवस उलगडून काढला. सकाळी शाळा भरायच्या वेळेला रेघ चढत होती. संध्याकाळी गुरं परततात, बाया दूध काढायला बसतात, तेव्हा धाडकन खाली येत होती. जेवणं झाली की पुन्हा वर.

"मेंढवाड्यात शाळा आहे का?" एजेंनी विचारलं.

"टर्कींची असेल तर माहीत नाही."

त्यांनी फोन उचलला. तोक्तोबूबू-एजे घरी पोचल्या होत्या. "एजे, एखादा जुना आलेख आत्ता डॉक्टरला पाठवता का? नाही, एक नको. आहेत तेवढे सगळे पाठवा."

रुस्लान मारातोविच, जाझगुल, मी, सगळे पडद्याकडे बघत राहिलो. पडद्यावर तेच चित्र जिवंत होतं, वापर बदलला की वर्तुळ हलायचं. जोल्दोशच्या नावाखाली काहीच हललं नाही.

आरजाकचं वर्तुळ फुगलं. मग थोडं ओसरलं. मग पुन्हा फुगलं.

"म्हणजे," रुस्लान मारातोविच हळूच म्हणाले, "जोल्दोशच्या म्हाताऱ्यांची काळजं ओर्मोनच्या मेंढवाड्यात धडधडतायत?"

"चित्र खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

४

"प्रत्येक रेडिओ आपलं नाव सांगतो आणि आपला आकडा कळवतो," सेयिलकान-एजेंनी समजावलं. "एकाच नावाचे दोन असले, तर यंत्र दोघांना एकच समजतं आणि बेरीज करतं. जोल्दोशचा रेडिओ स्वतःला आरजाक म्हणवतोय. त्याला हे नाव कुणी दिलं?"

"ते सापडल्याशिवाय मी वर्तुळ हलवू देणार नाही," रुस्लान मारातोविच म्हणाले. "आज विनाकारण एक हलवलं, तर उद्या प्रत्येक गावप्रमुख आपलं वर्तुळ फुगवून घ्यायला येईल. कारण हवं. उद्या दुपारपर्यंत."

नाव लिहिण्याचा अधिकार तिघांना होता: मला, जाझगुलला आणि राजधानीहून रुस्लान मारातोविचना. बुधवारी सकाळी एजेंनी त्यांच्यापासूनच सुरुवात केली.

"मेंढवाड्याला केबल नेणं सोपं आहे ना?"

"सोपं आहे," ते म्हणाले. "पण एजे, माझी बायको मला विचारते, आज काय काम केलंस. तिला मी काय सांगू? मेंढ्यांना केबल दिली? आकड्यांनी मला तिथे नेलं म्हणून चाललो होतो. शिवाय तुमच्या यंत्रात मी पहिल्यांदा शिरलो तो याच आठवड्यात. गेल्या शरदात मला तुमचं खोरं नकाशात कुठे आहे तेही माहीत नव्हतं."

हे खरं होतं. अजूनही त्यांना ते नीटसं माहीत नव्हतं.

मग माझी पाळी. "मी फक्त चढतो, एजे. वर टांगतो, खाली येतो. नाव लिहीत नाही. फक्त मेंढवाड्याच्या खांबाला आरजाक हे नाव मी ठेवलं होतं, तेही फार पूर्वी. आरजाक म्हणजे पलीकडची बाजू. तो नदीपलीकडे आहे, म्हणून."

"जोल्दोश गावही नदीपलीकडेच आहे."

"हो. पण त्याला स्वतःचं नाव आहे."

"गेल्या शरदात, निळा थर तुटला त्या सुमाराला, काय घडलं?"

मी आठवलं. "जोल्दोशच्या टॉवरवर वीज पडली. रेडिओ जळला. मी नवा बसवला."

"नव्या रेडिओला नाव नव्यानं लिहावं लागतं."

"ते जाझगुल लिहिते. पण तिची चूक होणार नाही, ती माझ्यापेक्षा हुशार आहे. वीज पडायच्या थोडंच आधी तर तिचं लग्न झालं. काय जेवण होतं! मी इतका जेवलो की त्या टॉवरवर चढताना..."

एजेंनी हात वर केला. मी थांबलो. त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या, आणि चष्मा स्वच्छ होता.

मग त्या जाझगुलच्या टेबलाशी गेल्या. जोल्दोश-आके शेजारीच शेगडीजवळ बसले होते, नेहमीसारखे, पडद्याकडे तोंड करून.

"पोरी, माझे डोळे शिणलेत. चित्रावरची नावं जरा वाचून दाखव. वरून खाली."

जाझगुलनं वाचायला घेतलं. "तालदी. कोक-जार. हे पलीकडचं." हनुवटी वर. "बेश-तेरेक. चोंग-साय. आणि हे पलीकडचं." हनुवटी डावीकडे.

मी रोज हे ऐकत आलो होतो. हनुवटी वर केली की गाव, डावीकडे केली की मेंढवाडा. कचेरीत सगळ्यांना कळायचं. मला कधी चुकीच्या टॉवरवर चढावं लागलं नव्हतं.

पण यंत्राला हनुवटी दिसत नाही.

"जोल्दोश-आके," सेयिलकान-एजे गोड आवाजात म्हणाल्या, "कोळसा संपत आलाय का?"

"भरपूर आहे."

"मला थंडी वाजतेय."

ते बादली घेऊन बाहेर गेले. एजे जाझगुलच्या शेजारी बसल्या.

"सासूबाईंनी सांगितलं?"

जाझगुलचा चेहरा लाल झाला. "लग्नाच्या दिवशीच. थोरल्यांचं नाव तोंडून घ्यायचं नाही, लिहायचंही नाही. घरात ते कधी मान वर करून माझ्याशी बोलत नाहीत, एवढा मान ठेवतात. आणि इथे ते माझ्या समोर बसतात, एजे. पडद्यावर मोठ्या अक्षरात त्यांचं नाव मी कसं लिहू? अंगणात उभं राहून हाक मारल्यासारखंच ते. म्हणून मी नव्या रेडिओला आरजाक, पलीकडचं, असं लिहिलं. सगळ्यांना कळतं. चित्र निघेल आणि चित्राला कळणार नाही, हे तेव्हा कुठे माहीत होतं? आणि काल मेंढवाडा फुगलेला बघून मला कळलं, पण सांगायचं म्हटलं तर तेच नाव घ्यावं लागणार."

"माझे सासरे सुवानकुल," एजे म्हणाल्या. "आता नाहीत, म्हणून घेते. पाण्याला आपण सू म्हणतो. नावात सू आलं, म्हणजे तो शब्द मला बंद. आणि नोकरी नद्या मोजायची. वर्षानुवर्षं मी अहवालात लिहिलं, 'पुलाखालून वाहतं ते यंदा वाढलं आहे.' वरच्या साहेबांना वाटायचं, बाई कवी आहे."

जाझगुल हसली आणि मग रडली, एकाच वेळी. हे मी आधी कुणाला जमलेलं पाहिलं नव्हतं.

"पण आज दुपारी कारण सांगावं लागेल," ती म्हणाली. "सगळ्या गावांसमोर. आणि ते तिथे खुर्च्या लावायला असतील. माझ्यामुळे त्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी."

"न सांगितलं, तर तोक्तोबूबूचा रेडिओ उतरेल."

"मी एक सुचवू?" मी म्हणालो. "आपण गावाचंच नाव बदलू."

दोघींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या माझ्यामागे बघत होत्या.

दारात जोल्दोश-आके उभे होते. हातातली बादली कोळशानं भरलेली होती, आणि ते किती वेळ उभे होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्यांनी बादली खाली ठेवली आणि निघून गेले. पाठोपाठ गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

५

दुपारी खुर्च्या मी लावल्या. गावप्रमुख आले, तोक्तोबूबू-एजे आल्या. जोल्दोश-आकेंचा पत्ता नव्हता. जाझगुल पडद्यापाशी बसली होती आणि तिचा चेहरा कागदासारखा पांढरा होता, मंगळवारच्या.

सेयिलकान-एजेंनी थरांचं चित्र भिंतीवर लावलं आणि सगळं सांगितलं. निळा कुठे तुटला, हिरवा कुठे रुंद झाला, वरची कड कशी हलली नाही. गावप्रमुखांना लगेच कळलं, कारण पाण्याच्या पाळ्यांवरून त्यांची भांडणं जन्मभर चालू होती.

"कुणी वळवलं?" कोक-जारच्या प्रमुखांनी विचारलं.

"कुणीच नाही. दोन रेडिओंना एक नाव पडलं."

"मग बरोबर नाव लिहा," रुस्लान मारातोविच म्हणाले. "आत्ता, सगळ्यांसमोर. जाझगुल, हे तुमचं काम ना?"

जाझगुल उठली नाही.

"मी लिहितो," मी पुढे झालो.

"तुम्ही का? त्या का नाही?"

"माझी बोटं मोकळी आहेत."

"कुबात," ते शांतपणे म्हणाले, "मलाही जोल्दोशलाच केबल द्यायचीय. पण चूक का झाली हेच कुणी सांगत नसेल, तर मी सही कशाच्या भरवशावर करू? उद्या पुन्हा होईल. कारण काय?"

 तोक्तोबूबू-एजेंनी डबा मांडीवर घट्ट धरला. जाझगुलनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"कारण मी आहे," मागून आवाज आला.

जोल्दोश-आके दारात उभे होते. डोक्यावर सणाला घालतात ती पांढरी उंच टोपी, अंगात लग्नातला कोट. बूट पुसलेले. घरी जाऊन ते कपडे बदलून आले होते.

"माझी सून माझं नाव घेत नाही," ते म्हणाले. "तिचं बरोबर आहे. तिच्या जागी मी असतो तर मीही नसतं घेतलं. पण माझ्या नावापायी एक गाव बुडत असेल, तर त्यात माझा कसला मान?"

ते पडद्यापाशी गेले. जाझगुल झटकन उठून बाजूला झाली. तिच्याकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं ते म्हणाले, "पोरी, तू तुझी रीत सांभाळ. माझं नाव मी सांभाळतो." आणि खुर्चीवर बसले.

जोल्दोश-आकेंनी जन्मात टायपिंग केलं नव्हतं. एक बोट वर धरून ते अक्षरांवरून फिरले, घारीसारखे. पहिलं अक्षर सापडलं. दाबलं. दुसऱ्याला इतका वेळ लागला की कोक-जारचे प्रमुख उठून जवळ आले आणि शोधायला मदत करू लागले. मग बेश-तेरेकचे आले. "ते बघा, खाली." "खाली नाही हो, त्याच्या शेजारी." "तुम्ही बसा, माझ्या नातवाकडे अस्संच आहे." अखेरीस पाचसहा म्हातारी डोकी त्या कीबोर्डवर वाकली होती आणि प्रत्येक अक्षराला एक लहानशी सभा भरत होती. ज्या गावाविरुद्ध केबल मागायला ही मंडळी आली होती, त्याच गावाचं नाव ते मिळून लिहीत होते. हे कुणाच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

शेवटचं अक्षर पडलं. मी मोठं बटण दाखवलं. त्यांनी ते दाबलं.

पडदा क्षणभर थबकला. मग मेंढवाड्यावरचं वर्तुळ आवळत गेलं, आवळत गेलं आणि ठिपका होऊन बसलं. आणि नदीच्या वरच्या अंगाला, पांढऱ्या जागेत, निळं वर्तुळ उमललं. खोऱ्यातलं सगळ्यांत मोठं. त्यातून खाली येणारी रेघ इतकी जाड झाली की तिच्यावर घोडा चालवता आला असता.

"कोकुय!" तोक्तोबूबू-एजे ओरडल्या. "बघा, माझं गाव! सगळं एका रडक्या रेडिओवर!"

"रेडिओची ताकद संपतेय तिथे," रुस्लान मारातोविच पुढे वाकून म्हणाले. "रेघ बघा, काठोकाठ भरलीय. अर्धे आलेख पोचणारच." त्यांनी खिशातून पेन काढलं. "पण पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार?"

आता जाझगुल बोलली. आवाज सुरुवातीला बारीक होता, पुढे तिचा तिला सापडला. "प्रत्येक टॉवरला आकडा देऊ. एकासारखा दुसरा नाही. यंत्रानं आकडा वाचायचा, नाव फक्त माणसांसाठी, ज्याला घ्यायचंय त्याच्यासाठी. नवी केबल, नवे खांब, सगळं तसंच मांडते. खोऱ्यात सुना अजून पुष्कळ येणार आहेत."

"नद्यांवर आम्ही असंच करायचो," सेयिलकान-एजे म्हणाल्या. "मला ते इथे सांगायचं सुचलं नाही. चित्रं सुंदर होती, त्यात मी गुंतले."

रुस्लान मारातोविचनी जोल्दोश लिहून सही केली. तोक्तोबूबू-एजेंनी सायीचा डबा उघडला, तो देण्यासाठीच होता असं ठरलं, आणि गावप्रमुख पाव बुडवून खाऊ लागले. हरलेले सगळ्यांत जास्त खात होते.

जोल्दोश-आके मात्र पडद्यापुढून हलले नव्हते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"हे मी?" त्यांनी निळ्या वर्तुळाकडे हनुवटी करून विचारलं.

"गाव आहे, आके."

"हं." ते पडद्याकडे आणखी वाकले. "केबल आली की वाढेल?"

"दुप्पट होईल."

"मग तू इथे साय काय चाटतोयस? कुदळी गाडीत टाक."

"आके, मार्च आहे. जमीन गोठलेली आहे."

"वरची वीतभरच," ते म्हणाले, आणि लग्नाचा कोट काढून खुर्चीवर टाकत बाहेर निघाले.